चिऱ्याच्या भिंतीत गिट्टी धरत नाही, 55 इंची टीव्ही कुठं आणि कसा लावायचा?

जांबोटीची सून
नमस्कार. आमचं घर खानापूर तालुक्यात, जांबोटी भागात. चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं जुनं बांधकाम आहे, बाहेरून नुसती दर्जा (दगडांमधली फट) भरलेली आणि आतून सिमेंटचा गिलावा. भावानं वास्तुशांतीला द्यायचा राहिलेला टीव्ही आता पाठवला, 55 इंची. पेटीवर स्टँड सोडून वजन 15 किलो लिहिलंय. सोबत भिंतीवरची पट्टीही त्यानंच घेतली, ती पुढं ओढून डावीकडं-उजवीकडं फिरवता येते तसली, हातवाली.

बसवायला कंपनीचा मुलगा आला. त्यानं सोप्यातल्या, म्हणजे पुढच्या खोलीतल्या पश्चिमेच्या भिंतीवर खुणा केल्या, हॅमर ड्रिल लावलं आणि भोकं पाडली. चारातल्या दोन भोकांतून लाल मातीच खाली येत राहिली. गिट्टी, म्हणजे स्क्रू धरणारी प्लास्टिकची नळी, आत घातली तर स्क्रूबरोबर तीपण गोल फिरायला लागली. तो म्हणाला, दोन घट्ट बसलेत, चालतंय. मामंजी उठले आणि त्याला म्हणाले, चालत नाही, मशीन ठेव खाली. तो सही घेऊन गेला. टीव्ही पेटीतच आहे.

आमचे हे गोव्यात कामाला, पंधरवड्यातून एकदा येतात. घरात मी, मामंजी, आत्याबाई आणि तीन वर्षांचा मुलगा, जो कशावरही चढतो. टेबलावर ठेवला तर तो ओढून अंगावर घेईल ही भीती, भिंतीवर लावला तर भिंतीसकट येईल ही भीती. दुसरी जागा म्हणजे सोपा आणि माजघर यांच्या मधली भिंत. तिच्या पलीकडं देवघर आहे. काय करावं, तेवढं नीट सांगा बघू. आणि उंची किती ठेवावी?

मजगावचा फिटर
ताई, आधी तुमच्या मामंजींना माझा नमस्कार सांगा. त्यांनी मशीन खाली ठेवायला लावलं ते अगदी योग्य केलं. चारातल्या दोन धरल्या म्हणजे निम्मी पकड उरली असं वाटतं, पण ओढ सारखी वाटली जात नाही. वरच्या दोनांतली एक सैल असेल तर सगळी ओढ दुसऱ्या एकीवर येते, आणि ती थोडी थोडी करत सुटते.

मी आयटीआयचा फिटर, उद्यमबागेत वर्कशॉपात काम करतो. नट-बोल्ट, पट्ट्या, ब्रॅकेट हे रोजचं. शेजारीपाजारी आणि पाहुण्यांकडं टीव्ही लावायचा असला की मला बोलावतात, त्यामुळं बेळगाव-खानापूरकडच्या भिंती बऱ्याच बघितल्यात. पट्टी सगळ्यांची साधारण सारखीच असते, भिंत मात्र प्रत्येक घराची वेगळी. पेटीत मिळणारी प्लास्टिकची गिट्टी ही भाजक्या विटेला किंवा काँक्रीटला धरून दिलेली असते. आपल्याकडं चिरा आहे, मातीची भिंत आहे, पोकळ ब्लॉक आहे, आणि नव्या अपार्टमेंटमध्ये पांढरा हलका ब्लॉक आहे. भिंत न बघता ड्रिल लावणं मला पटत नाही, मग तो मुलगा कितीही घाईत असो.

चिऱ्याचं असं आहे. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, वारा-ऊन लागलं की कडक होतो. पण तो कडकपणा सगळीकडं सारखा नसतो. दगडाच्या पोटात भोकं असतात आणि भोकांत पिवळट माती भरलेली असते. हॅमर ड्रिल ठोके देत आत जातं तेव्हा ती माती निसटते, भोकाच्या कडा ढासळतात, आणि 10 मिमीचं म्हणून पाडलेलं भोक आत 13-14 होऊन बसतं. मग गिट्टी फिरणारच. त्यात जुन्या घरात दोन चिऱ्यांच्या मधला सांधा मातीचा असतो. ड्रिल सांध्यात पडलं तर काहीच धरायला नाही. तुमच्या दोन भोकांचं बहुतेक तेच झालं असावं, कारण तुम्ही म्हणता नुसती मातीच येत राहिली.

एक सोपी परीक्षा सांगतो. बारीक, 5 मिमीच्या बिटनं, हॅमर बंद करून, एक भोक पाडा आणि खाली कागद धरा. पहिली राखाडी भुकटी येईल, तो गिलावा, साधारण अर्धा-पाऊण इंच. त्यानंतर तांबूस खरखरीत चुरा आला आणि बिटला अडवणूक जाणवली, तर चिरा. भसकन आत गेलं आणि मऊ माती आली तर सांधा. एकसारखी विटकरी भुकटी म्हणजे वीट. पांढरं पिठासारखं म्हणजे हलका ब्लॉक. मध्येच बिट पोकळीत घसरला तर पोकळ ब्लॉक. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि यावरच पुढचं सगळं ठरतं.

आता जागा. पश्चिमेची बाहेरची भिंत सोडून द्या. तुमच्याकडं, कणकुंबी-जांबोटी पट्ट्यात, पावसाचा मारा पश्चिमेकडून येतो. दर्जा भरलेला चिरा पाणी पितो. श्रावणापर्यंत आतल्या गिलाव्यावर ओल दिसते की नाही ते तुम्हाला माहीतच असेल. त्या ओलीत स्क्रू गंजतात, आणि टीव्हीच्या मागं हवा खेळत नसल्यानं तिथं बुरशीही धरते. मधली भिंत कोरडी आहे, तिथंच लावा.

आणि ती हातवाली पट्टी परत द्या. हिशेब बघा. टीव्ही 15 किलो. भिंतीला चिकटून बसणाऱ्या पट्टीत टीव्हीचं वजन भिंतीपासून साधारण 5 सेंटिमीटरवर असतं. वरचे आणि खालचे बोल्ट 20 सेंटिमीटर अंतरावर धरले, तर वरच्या बोल्टना बाहेर ओढणारा जोर 15 गुणिले 5 भागिले 20, म्हणजे चार किलोच्या आसपास. आता तोच टीव्ही हात ओढून 40 सेंटिमीटर पुढं आणला. 15 गुणिले 40 भागिले 20, म्हणजे 30 किलो. आणि तीन वर्षांचं पोरगं, समजा 14 किलोचं, त्याला लोंबकळलं, तर 58 किलो. टीव्ही तोच, बोल्ट तेच, ओढ पंधरापट. चिऱ्यासारख्या भिंतीत आणि लहान मूल असलेल्या घरात हातवाली पट्टी नकोच. सपाट किंवा थोडी खाली झुकणारी घ्या. घेताना टीव्हीच्या मागची चार भोकं मोजा, आडवं आणि उभं अंतर. 200 बाय 200, 300 बाय 200, 400 बाय 400 अशी ठरलेली मापं असतात, पट्टी त्या मापाची हवी, आणि तिच्यावर लिहिलेलं वजन टीव्हीच्या वजनापेक्षा भरपूर जास्त हवं.

बोल्ट कसे बसवायचे ते तुमच्या मधल्या भिंतीत भोक पाडून बघितल्यावर सांगतो. जाडी किती आहे तेही मोजून कळवा, दाराच्या चौकटीपाशी मोजता येईल.

निपाणीकर
फिटर काका म्हणतात ते चिऱ्याला लागू. आमच्याकडं निपाणी-चिकोडीला गोष्ट वेगळी. काळी जमीन. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगा पडतात आणि घरालाही त्या लागतात. माझ्या हॉलमध्ये खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग वर गेलेली आहे. दरवर्षी पुट्टी भरतो आणि दर उन्हाळ्यात ती परत दिसते. टीव्ही नेमका त्याच भिंतीवर शोभतोय असं घरच्यांचं म्हणणं. लावला नाही. भेगेवर कागदाची पट्टी दोन्ही बाजूंना डकवून ठेवली होती, उन्हाळा संपेपर्यंत ती मधोमध फाटली. म्हणजे भिंत अजून हलते आहे. टीव्ही दुसऱ्या भिंतीवर गेला. ज्यांचं घर काळ्या जमिनीत आहे त्यांनी भेगेची भिंत घेऊ नये, बोल्ट कितीही मोठा असला तरी.

वडगावचा मागवाला
आमचं घर वडगावात, पुढं राहायचं आणि मागं चार माग. मधली भिंत एकच. मागाचा धोटा इकडून तिकडं जातो तेव्हा त्या भिंतीला हात लावला तर थरथर हाताला कळते. आधी टीव्ही त्याच भिंतीवर होता. वर्षभरात खालचे दोन नट बोटानं फिरतील इतके सैल झाले होते. पडला नाही, देवाची कृपा. माग सकाळपासून रात्रीपर्यंत चालतात, थरथर थांबतच नाही.

तर शहापूर-वडगाव-खासबागकडच्या सगळ्यांना सांगणं, मागाच्या भिंतीवर टीव्ही लावू नका. दुसरी भिंत नसेलच तर नटाखाली स्प्रिंग वॉशर नाहीतर नायलॉनची कडी असलेला नट घाला, आणि सणावाराच्या साफसफाईत पाना लावून बघत जा. फिटर मामा, बरोबर ना?

मजगावचा फिटर
बरोबर. नायलॉनची कडी असलेला नट स्प्रिंग वॉशरपेक्षा थरथरीला जास्त टिकतो. फक्त तो एकदा काढला की नवा वापरायचा, जुन्याची पकड कमी होते. आणि तुमच्याकडच्या जुन्या घरांच्या भिंती पुष्कळ ठिकाणी मातीच्या आहेत, वरून सिमेंट फासलेलं असतं. त्या थरथरीनं नट सैल व्हायच्या आधी भोकच मोठं होतं. मातीच्या भिंतीत मी स्वतः कधीच काही टांगत नाही. त्या घरांत लाकडी खांब आणि तुळया असतात. दोन खांबांवर आडवी सागवानी फळी स्क्रूनं मारायची, खांबाच्या मध्यावर, आणि पट्टी त्या फळीला. वजन खांब घेतात, भिंतीला काहीच कळत नाही. खांबाला वाळवी नाही ना, तेवढं टोचून बघायचं. खांबही नसतील तर जमिनीवरचा लोखंडी स्टँड, आणि तो मागं भिंतीला कातडी पट्ट्यानं किंवा साखळीनं बांधलेला.

जांबोटीची सून
काका, भोक पाडून बघितलं. शेजारच्या वायरमनदादांकडून मशीन आणलं, हॅमर बंद करूनच. आधी राखाडी, मग तांबूस खरखरीत चुरा, म्हणजे चिरा. दुसऱ्या ठिकाणी पाडलं तिथं भसकन आत गेलं. भिंतीची जाडी चौकटीपाशी दोन्ही गिलाव्यांसह साधारण साडेनऊ-दहा इंच.

आत्याबाईंचं म्हणणं, देवघराच्या बाजूला भोक आरपार येता कामा नये आणि तिकडं लोखंड दिसता कामा नये. मला त्यांचं मन दुखवायचं नाही. आणि त्या भिंतीत देवघराच्या दिव्याचं बटण आहे, त्याची वायर भिंतीतून गेलीय. ती कुठून गेली हे कुणालाच आठवत नाही.

मजगावचा फिटर
आत्याबाईंचं म्हणणं पाळता येतं, काळजी नको. आरपार रॉड टाकून मागं लोखंडी प्लेट बसवणं ही चिऱ्यातली सगळ्यात भक्कम रीत आहे, पण तेवढीच एक नाही.

आधी वायर. भिंतीत पुरलेली वायर साधारणपणे बटणाच्या पेटीतून सरळ वर किंवा सरळ खाली जाते, किंवा त्याच उंचीला आडवी. म्हणून बटणाच्या पेटीच्या वर-खाली जी उभी पट्टी येते, दोन्ही बाजूंना वीतभर, ती सोडून द्यायची. बटण देवघराच्या बाजूला असलं तरी वायर त्याच भिंतीत आहे, त्यामुळं माजघरात जाऊन दारापासून बटणापर्यंतचं अंतर मोजा आणि तेच अंतर सोप्याच्या बाजूला खुणा करून घ्या. ड्रिल लावताना मेन बंद ठेवा. ड्रिलला वीज बाहेरून घ्यायची तर शेजारच्या घरातून वायर आणा, पण ज्या भिंतीत भोक पाडायचं तिथली वायर जिवंत नको. यात हयगय करू नका.

आता पकड. तुमच्या भिंतीत चिरा कुठं आणि सांधा कुठं हे वरून दिसत नाही. एक युक्ती आहे. तुमची बाहेरची भिंत गिलावा न केलेली आहे. तिथं चिऱ्याच्या एका थराची उंची मोजा. एकाच वेळी बांधलेल्या घरात आतल्या भिंतीचे थरही बहुधा त्याच उंचीचे असतात, आणि चौकटीच्या उंबऱ्यापासून मोजत वर गेलं की थर कुठं बदलतो याचा अंदाज येतो. अंदाजच तो. प्रत्येक बोल्टच्या जागी आधी 5 मिमीचं भोक पाडून खात्री करायची आणि मगच मोठं करायचं.

पट्टीची भोकं मात्र चिऱ्याच्या मध्यावरच येतील असं कधी होत नाही. म्हणून मी मध्ये दोन लोखंडी पट्ट्या घालतो. 40 मिमी रुंद, 5 मिमी जाड, लांबी साधारण चार फूट. उद्यमबागेत कुठल्याही वर्कशॉपात किंवा खानापुरात वेल्डिंगवाल्याकडं कापून मिळतील. त्यांना गोल भोकांऐवजी लांबट भोकं पाडून घ्या, म्हणजे बोल्ट दोन-तीन सेंटिमीटर इकडं-तिकडं सरकवता येतो आणि चिऱ्याचा मध्य साधता येतो. पट्ट्या आडव्या, एक वर एक खाली, प्रत्येकीला तीन बोल्ट भिंतीत. टीव्हीची पट्टी या दोन पट्ट्यांना नट-बोल्टनं. तिच्या बोल्टची डोकी मागं राहतात, म्हणून भिंत आणि लोखंडी पट्टी यांच्यामध्ये जाड वॉशर घालून सेंटिमीटरभर जागा ठेवायची. पट्ट्यांना आधी रेड ऑक्साइड (गंज रोखणारं अस्तर) आणि वरून रंग, तुमच्या हवेत त्याशिवाय टिकणार नाहीत. असं केलं की वजन चार ठिकाणांऐवजी सहा वेगवेगळ्या चिऱ्यांवर वाटलं जातं, आणि एखादा चिरा कच्चा निघाला तरी बाकीचे सांभाळतात.

बोल्टसाठी फुगणारा लोखंडी फास्टनर वापरू नका. तो काँक्रीटला चांगला, कारण तो कडांना बाहेर ढकलून पकड घेतो. चिऱ्यात तेच ढकलणं दगड फोडतं. केमिकल अँकर घ्या. दोन द्रव्यं एकत्र होऊन घट्ट होणारं, बंदुकीनं भरायचं ट्यूबमधलं मिश्रण. बेळगावात हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात मिळतं. ते दगडाला ढकलत नाही, त्याच्या भोकाभोकांत शिरून धरतं, आणि जांभ्याचा जो दोष आहे, ती भोकं, तोच इथं उपयोगी पडतो. सोबत जाळीची नळी घ्या, म्हणजे मिश्रण पोकळीत वाहून जात नाही.

10 मिमीचा आटे पाडलेला रॉड, गिलावा सोडून चिऱ्यात 9-10 सेंटिमीटर आत. तुमची भिंत 24 सेंटिमीटर आहे, म्हणजे देवघराच्या बाजूचं निम्म्याहून जास्त अंग शाबूत राहतं. बिटला गिलाव्याची जाडी धरून त्या मापावर रंगीत टेप गुंडाळा, टेप भिंतीला टेकला की थांबायचं. जाळीची नळी जेवढ्या मापाची असेल तेवढंच भोक, नळी नसेल तर 12 मिमी. 6 चं आधी, मग 8, मग पुरतं, ठोके न देता. वेळ लागतो, लागू द्या.

भोक साफ करणं हे यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे आणि बहुतेक जण तेच सोडतात. ब्रश आत फिरवायचा, सायकलच्या पंपाला बारीक नळी लावून आतून फुंकायचं, परत ब्रश, परत पंप. आत धूळ राहिली तर मिश्रण धुळीला चिकटतं, दगडाला नाही. डोळ्यांना चष्मा लावा. मिश्रण तळापासून भरत बाहेर यायचं, रॉड फिरवत आत घालायचा आणि मग हात लावायचा नाही. किती वेळ ते ट्यूबवर हवेच्या तापमानाप्रमाणं लिहिलेलं असतं. मी रात्र जाऊ देतो. आणि हे काम पावसाळ्यात करू नका, चिरा ओला असला की मिश्रणाची पकड कमी होते. आता पावसाळा उघडल्यावर भिंत कोरडी झाली की करा.

टिळकवाडी अपार्टमेंट
काका, मध्येच विचारतो. आमच्या फ्लॅटमध्ये पांढरा हलका ब्लॉक आहे. तिथं पण हेच का?

मजगावचा फिटर
तिथं ठोके अजिबात नकोत, आणि हलक्या ब्लॉकसाठी वेगळी, रुंद दातांची लांब नायलॉनची गिट्टी मिळते, ती घ्या. मोठा टीव्ही असेल तर केमिकल अँकर चांगला. पण आधी बघा, त्या भिंतीत काँक्रीटचा खांब किंवा तुळई आहे का. ठोकून आवाज ऐका, भोक पाडलं की कडक राखाडी चुरा येईल. काँक्रीट सापडलं तर तिथं साधा फास्टनर भक्कम बसतो. पार्टिशनची साडेचार इंची भिंत असेल तर पलीकडं काय आहे ते बघूनच खोली ठरवा.

जांबोटीची सून
काका, तुम्ही एवढं मनापासून लिहिलंत, खूप आधार वाटला. मामंजींनी दोनदा वाचून घेतलं. आता उंचीचं तेवढं सांगा. आम्ही संध्याकाळी जमखान्यावर बसतो, मामंजी खुर्चीवर. आणि टीव्हीच्या वायरी कशा न्यायच्या? डिशची वायर पश्चिमेच्या भिंतीतूनच आत येणार.

मजगावचा फिटर
55 इंची टीव्हीची उंची साधारण 27-28 इंच. खुर्चीवर बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून 42 इंचांच्या आसपास, जमखान्यावर बसलेल्याचे 30 च्या आसपास. पडद्याचा मध्य त्या दोहोंच्या मध्ये ठेवला तर सगळ्यांची मान बरी राहील, पण मग टीव्हीची खालची कड पावणेदोन फुटांच्या थोडी वर येते आणि तुमच्या लेकाच्या हाताला सहज लागते. तुमच्या घरात मी मध्य 45 इंचांवर ठेवीन आणि खाली झुकणारी पट्टी घेऊन पडदा थोडा खाली कलवीन. खालची कड अडीच फुटांच्या वर जाते. मुलगा हात लावेल, पण लोंबकळायला पकड मिळणार नाही. टीव्हीच्या खाली टेबल, पेटी, स्टूल, चढता येईल असं काहीच ठेवू नका. लोक खाली शोभेचं कपाट ठेवतात, ते मुलाच्या पायरीचं काम करतं. सेट टॉप बॉक्सला बाजूला भिंतीवर छोटी फळी मारा, आणि रिमोट टीव्हीच्या वर ठेवायची सवय घरात कुणालाच लावू नका, मूल त्याच्यामागं जातं.

टीव्हीच्या मागचे स्क्रू हातानंच फिरवा, मशीननं नाही. मोठ्या टीव्हीला बहुधा 6 किंवा 8 मिमीचे स्क्रू लागतात. फार लांब घेतला तर आत पडद्याच्या मागच्या भागाला लागतो, फार आखूड घेतला तर दोन आट्यांवरच टांगला जातो. निदान पाच-सहा पूर्ण फेरे आत गेले पाहिजेत आणि नंतर अडकून घट्ट झाला पाहिजे. टीव्हीच्या पाठीला खोलगट जागा असेल तर पेटीतल्या प्लास्टिकच्या नळ्या मध्ये घाला.

टीव्ही चढवायच्या आधी भार देऊन बघा. टीव्हीची पट्टी भिंतीवर बसवली की तिच्या वरच्या कडेला जाड दोरी बांधा आणि घरचं 50 किलोचं भाताचं पोतं जमिनीपासून वीतभर उचलून टांगून रात्रभर ठेवा. पट्टीच्या वरच्या कडेला पेन्सिलीनं भिंतीवर रेघ मारून ठेवा. सकाळी रेघ आणि कड जुळली, बोल्टभोवती गिलाव्याला बारीकशी चीर नाही, तर टीव्ही चढवा. पोतं उचलायला आणि टीव्ही चढवायलाही दोन माणसं हवीत, त्यामुळं तुमचे मिस्टर गोव्याहून येतील त्या दिवशीच हे करा, एकटीनं आणि मामंजींच्या भरवशावर नको.

वायरी. टीव्हीची पिन तीन पायांचीच ठेवा, अर्थिंग तपासून घ्या. लोंबणारा एक्स्टेंशन बोर्ड मुलाच्या हाती लागतो, म्हणून वायरमनदादांना सांगून टीव्हीच्या कडेलाच पॉइंट काढून घ्या, प्लास्टिकच्या केसिंग पट्टीतून. भिंत फोडायची गरज नाही.

डिशच्या वायरीला पश्चिमेच्या भिंतीत भोक पाडताना ते आतून बाहेर थोडं उतरतं पाडा, आणि बाहेरच्या बाजूला वायरीला भोकाच्या खाली येईल असा झोळ द्या. पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत येतं, झोळाच्या टोकाला थेंब पडून जातो आणि आत शिरत नाही. भोकाच्या कडा सिलिकॉननं बुजवा.

आणखी एक. चैत्र-वैशाखात वळवाचे ढग चढायला लागले, की गडगडायच्या आधीच टीव्हीची पिन काढायची आणि डिशची वायरही सेट टॉप बॉक्समधून बाजूला करायची. नुसतं बटण बंद करून भागत नाही. छपरावरची छत्री विजेला घरात आणणारी वाट आहे, आणि पिन काढली तरी ती वाट उघडीच राहते. यासाठी बटण आणि डिशची जोडणी मामंजींच्या हाताला येईल अशा ठिकाणी ठेवा, टीव्हीच्या पार मागं लपवू नका.

खानापूर वेल्डिंग
पट्ट्या आमच्याकडं होतील ताई. 40 बाय 5 च्या दोन, लांबट भोकांसह. भोकांच्या जागा कागदावर मापासकट लिहून आणा, आणि टीव्हीची नवी पट्टीही बरोबर आणा, म्हणजे तिचे बोल्ट तिथंच लावून बघू. गुरुवारी दुकान बंद असतं.

जांबोटीची सून
नक्की आणते दादा. काका, एकच शंका. पश्चिमेच्या भिंतीतली ती चार भोकं कशी बुजवू? दोन गिट्ट्या अडकून बसल्यात.

मजगावचा फिटर
गिट्टीत स्क्रू चार-पाच फेरे आत घाला आणि पक्कडीनं स्क्रू धरून ओढा, तो गिट्टीसकट येईल. न आली तर अर्धा इंच आत ठोकून द्या. भोक पाण्यानं ओलं करा, एक भाग सिमेंट आणि तीन भाग बारीक वाळू घट्ट कालवून दाबून भरा. बाहेरच्या बाजूला त्याच जागेची दर्जही बघा. ठोक्यांनी ती सुटली असेल तर तीपण भरून घ्या, नाहीतर पुढच्या पावसात ओल तिथूनच आत येईल.